रस्त्यालाही मीठ लागतं

गेल्या डिसेंबरात आई साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. आम्ही राहतो इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात, एका छोट्या गावात. रात्रीचे आठ वाजले असतील. आभाळ निरभ्र, रस्ता खडखडीत कोरडा, बर्फाचा मागमूसही नाही. तेवढ्यात नारिंगी दिवा फिरवत एक पिवळा ट्रक घरासमोरून गेला आणि आमच्या फाटकावर बारीक खडे ताडताड आपटले.

"हे काय उधळत गेला गं तो?"

"मीठ."

"मीठ? रस्त्याची दृष्ट काढतात का काय इथे?"

हसू आलं, पण तिचा पुढचा प्रश्न बिनतोड होता: बर्फ पडलेलाच नाही, तर मीठ कशाला? इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपवरही पहिली थंडी आली की हेच सुरू होतं. कोरड्या रस्त्यावर मीठ का? आमच्या गल्लीत का नाही? काल ट्रक येऊनही सकाळी बर्फ कसा? म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

रस्ता कोणाचा, मीठ कोणाचं

इंग्लंडमधले मोटरवे आणि काही मोठे महामार्ग 'नॅशनल हायवेज' ही सरकारी कंपनी सांभाळते. बाकीचे बहुतेक सगळे रस्ते, म्हणजे गावं जोडणारे, शेतांच्या कडेने जाणारे, डोंगर चढणारे, हे काउंटी कौन्सिलकडे असतात. काउंटी कौन्सिल म्हणजे ढोबळमानाने आपली जिल्हा परिषद. काही भागांत तिचं नाव वेगळं असतं, काम तेच. तिच्याखाली पॅरिश कौन्सिल असते, ती आपल्या ग्रामपंचायतीसारखी. रस्त्याची जबाबदारी तिच्याकडे नसते. पण लोक ओरडा मात्र तिच्याकडेच करतात, हेही आपल्यासारखंच.

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकण्याला 'ग्रिटिंग' म्हणतात आणि त्या ट्रकला 'ग्रिटर'. ग्रिट म्हणजे खरं तर भरड वाळू किंवा बारीक खडी. पूर्वी वाळू, राख असं काहीबाही टाकायचे, त्या काळचं हे नाव चिकटून राहिलंय. आता ट्रकमध्ये असतं ते मुख्यतः खाणीतलं मीठ. चेशर परगण्यातल्या विन्सफर्डला १८४४ पासून मिठाची खाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ तिथे जमिनीखाली थराथराने पडलंय. त्यात माती मिसळलेली असते, म्हणून ते विटकरी-तपकिरी दिसतं. आईने फाटकाजवळचा एक खडा उचलून निरखला आणि "अगदी सैंधवासारखं आहे की," म्हणाली. बरोबर होतं तिचं, जात तीच.

हवा तीन अंशांवर, रस्ता शून्याखाली

महाबळेश्वरला दर हिवाळ्यात वेण्णा लेकच्या धक्क्यावर आणि लिंगमळ्याच्या शेतांत हिमकण दिसतात. दवबिंदू गोठले म्हणून वर्तमानपत्रांत फोटो येतात. त्याच दिवशी शहरातलं अधिकृत तापमान पाहा, ते शून्याच्या बरंच वर असतं. मग दव गोठलं कसं?

हवेचं तापमान मोजतात ते जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीत. रात्री आभाळ निरभ्र असेल तर जमीन, फळ्या, गाड्यांचे टप दिवसाची ऊब सरळ आकाशाकडे सोडून देतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी गार होतात. ढग असले की ते गोधडीचं काम करतात, ऊब अडवून धरतात. म्हणूनच इथल्या रस्तेवाल्यांना चांदण्यांनी भरलेली रात्र नको असते. त्यांना काळजी असते ती रस्त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाची. हवेचा आकडा त्यांच्या दृष्टीने दुय्यम.

हे मला माझ्या इथल्या पहिल्याच हिवाळ्यात कळलं. सकाळची ड्युटी, पावणेसहाची वेळ, गाडीच्या पडद्यावर ३ अंश. शून्याच्या वर आहे म्हणजे काही भीती नाही, असं समजून ओढ्यावरच्या दगडी पुलावर नेहमीच्या वेगाने गेले आणि गाडी हलकेच, अगदी शांतपणे, फिरून कुंपणाच्या झुडपात जाऊन बसली. ब्रेक दाबला, स्टिअरिंग फिरवलं, कशाचाही उपयोग नाही. पुलावर होता 'ब्लॅक आइस'. हा बर्फ काळा नसतो. तो इतका पातळ आणि पारदर्शक असतो की खालचं डांबर दिसतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. चूक माझीच. आकडा हवेचा होता, पूल त्याहून गार होता.

पूल आधी का गोठतो? साध्या रस्त्याला खालून जमिनीची थोडी ऊब मिळत राहते. पुलाच्या खालीही गार वारा आणि वरही. थंडीत सुंभाच्या खाटेवर खाली काही न अंथरता झोपून बघा. तसंच झाडांच्या दाट सावलीतल्या रस्त्याचं, त्याला दिवसभर ऊनच मिळालेलं नसतं. आणि खोलगट जागा तर फसव्याच. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन खळग्यात साचते. निफाडकडचे द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, त्यांना हे सांगायला नको.

आईस्क्रीमचा पॉट आठवा

लहानपणी मे महिन्यात आईस्क्रीमचा लाकडी पॉट भाड्याने आणायचो. मधल्या डब्यात दूध, बाहेर बर्फाचा चुरा, त्यावर मूठमूठ खडेमीठ आणि मग आळीपाळीने हँडल फिरवणं. बर्फावर मीठ टाकलं की तो वितळायला लागतो. पण ते खारं पाणी शून्याच्याही खाली जातं आणि तरी गोठत नाही. वितळायला लागणारी उष्णता बर्फ दुधातून ओढून घेतो, म्हणून दूध गोठतं.

रस्त्यावरचं गणितही हेच. मीठ रस्ता गरम करत नाही, हा पहिला गैरसमज मनातून काढून टाका. मीठ पाण्यात विरघळलं की त्या पाण्याचा गोठणबिंदू खाली सरकतो, एवढंच. साधं पाणी शून्याला गोठतं, दहा टक्के मिठाचं पाणी साधारण उणे साडेसहाला. मिठाचं प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास नेलं तर उणे २१ पर्यंत. त्यापलीकडे मीठ कितीही ओता, फायदा नाही.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. दव पडण्याआधीच्या फेरीत चौरस मीटरला साधारण १० ग्रॅम मीठ टाकतात. समजा, पहाटे त्या चौरस मीटरवर ५० ग्रॅम दव पडलं. पाव वाटीच पाणी. त्यात १० ग्रॅम मीठ म्हणजे कडक खारवणच. ते उणे १२ च्या आसपासपर्यंत गोठणार नाही. पण तेच मीठ एक सेंटिमीटर बर्फ पडून गेल्यावर टाकलं तर? हलक्या ताज्या बर्फाच्या तेवढ्या थरात चौरस मीटरला सुमारे एक लिटर पाणी असतं. एका लिटरला १० ग्रॅम म्हणजे जेमतेम एक टक्का, आणि गोठणबिंदू खाली सरकतो अर्धा-पाऊण अंश. पाव वाटीत जे मीठ पुरलं ते तांब्यात टाकून चव लागत नाही, त्यातला प्रकार.

म्हणून ट्रक आधी येतो. ग्रिटिंग हे मुळात बर्फ काढण्याचं काम नाहीच, बर्फ रस्त्याला चिकटू न देण्याचं काम आहे. ते यशस्वी झालं तर सकाळी दाखवण्यासारखं काहीच उरत नाही, आणि लोक म्हणतात, फुकट मीठ घालवलं.

दुपारी ठरतं, रात्री घडतं

ऑक्टोबर ते एप्रिल कौन्सिलचा एक अधिकारी पाळीपाळीने चोवीस तास या कामावर असतो. दुपारी त्याच्याकडे खास रस्त्यांसाठीचा हवामान अंदाज येतो. त्यात पृष्ठभाग किती वाजता शून्याखाली जाईल, तेव्हा तो ओला असेल का, पाऊस कधी थांबेल, असं तासातासाचं असतं. जोडीला रस्त्यांत ठिकठिकाणी पुरलेले सेन्सर असतात, तबकडीएवढे, डांबराशी समतल. शेजारी खांबावर वारा, दमटपणा मोजणारी उपकरणं. पृष्ठभाग किती गार आहे, ओला आहे का, आधीचं मीठ उरलंय का, हे सगळं त्यातून कळतं.

पण सेन्सर काही प्रत्येक वळणावर नसतो. म्हणून इन्फ्रारेड तापमापक लावलेली गाडी हिवाळ्याच्या रात्री सगळ्या रस्त्यांवरून फिरवून नकाशा करून ठेवलेला असतो. एकाच रात्री, एकाच रस्त्यावर, गावातला भाग आणि ओढ्याकाठचा खळगा यांत पाच-सहा अंशांचा फरक निघतो. कुठला तुकडा आधी गोठणार हे त्यामुळे कळतं.

मग ठरवायचं. रस्ता शून्याखाली जाणार पण कोरडा राहणार असेल, तर मिठाची गरज नाही; पाणीच नाही तर गोठणार काय? ओला असून दोन अंशांवर थांबणार असेल, तरी नाही. अडचणीची रात्र वेगळीच असते. संध्याकाळी मुसळधार पाऊस, दहा वाजता एकदम आभाळ मोकळं आणि अकरा वाजता रस्ता गोठायला लागलेला. आधी मीठ टाकावं तर पाऊस धुऊन नेणार. थांबावं तर मधे फक्त तासाभराची फट, आणि ट्रकची एक फेरी दोन-अडीच तासांची. अशा रात्री कुणीही, कितीही हुशार असो, सगळे रस्ते वाचवू शकत नाही. 'काल ट्रक येऊनही सकाळी बर्फ कसा' याचं उत्तर बहुतेकदा इथे असतं.

"मग आमच्या गल्लीत का नाही?"

सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात, म्हणून जरा सविस्तर.

सहा मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्याला १० ग्रॅमच्या हिशोबाने ६० किलो मीठ लागतं. पन्नास किलोमीटरच्या फेरीला तीन टन. मीठ एक वेळ आणता येईल. वेळ कुठून आणणार? रस्ता गोठायच्या आत सगळं संपवायचं, ट्रक मोजके आणि रस्ते हजारो किलोमीटर. म्हणून रस्त्यांना क्रम लावलेला असतो. आधी मुख्य रस्ते, बसचे मार्ग, इस्पितळ आणि अग्निशमन केंद्राकडे जाणारे रस्ते, मोठ्या शाळा, आणि जमेल तिथे प्रत्येक बऱ्यापैकी गावाला बाहेर पडायला एक तरी वाट. दुसऱ्या यादीतले रस्ते थंडी लांबली तरच, आणि तेही पहिली यादी झाल्यावर. बऱ्याच काउंट्यांत पहिल्या यादीत निम्म्याहून कमी रस्ते बसतात. कौन्सिल हे नकाशे आधीच जाहीर करते. आपला रस्ता त्यात आहे का हे ऑक्टोबरातच बघून ठेवावं. जानेवारीतल्या पहाटे चिडून काही होत नाही.

दुसरं कारण मला स्वतःलाच उशिरा कळलं. मीठ टाकलं की काम झालं असं नसतं. खडे चिरडून, विरघळवून, रस्ताभर पसरवण्याचं काम गाड्यांची चाकं करतात. ज्या रस्त्यावरून पहाटेपर्यंत एक दूधवाला आणि एक ट्रॅक्टर जाणार, तिथे मीठ खड्यांच्या रूपातच पडून राहतं आणि मधल्या जागेत दव आरामात गोठतं. या कारणाने काही ठिकाणी मीठ आधीच मिठाच्या पाण्यात भिजवून टाकतात, म्हणजे ते लवकर कामाला लागतं आणि उडून कडेलाही कमी जातं. तरी वर्दळ नसलेल्या अरुंद रस्त्यावर मिठाचा भरवसा कमीच. शिवाय भरलेला ग्रिटर काही टनांचा असतो. अडीच मीटर रुंदीच्या, दोन्हीकडे दगडी भिंती असलेल्या चढावर तोच घसरला तर त्या रात्रीची सगळी फेरी बोंबलते.

हे सगळं पटूनही, वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्या जोडप्याला त्याने समाधान मिळत नाही हे मला दिसतं. यादीत रेघ कुठेतरी ओढावीच लागते आणि रेघेच्या पलीकडे कोणीतरी राहत असतंच.

"ट्रक गेला, पण पडलं काहीच नाही!"

चौरस मीटरला १० ग्रॅम म्हणजे दोन लहान चमचे. ते ट्रकमागची फिरती तबकडी ताशी पन्नासेक किलोमीटर वेगाने जाताना उधळते. डोळ्यांना दिसणार ते किती? आणि कधी कधी खरोखरच टाकलेलं नसतं: तो ट्रक स्वतःच्या फेरीच्या सुरुवातीला निघालेला असतो, तुमच्या रस्त्यावर दुसरा येऊन गेलेला असतो.

बर्फ पडलाच तर

आपल्याकडे बर्फ आणि रस्ता म्हटलं की झोजिला आणि सीमा सडक संघटनेची अजस्र यंत्रं आठवतात. इथे इतका बर्फ क्वचितच. पण चार बोटं बर्फ साचला तरी नुसत्या मिठाने भागत नाही हे वरच्या हिशोबावरून दिसलंच. मग ग्रिटरच्या पुढे नांगराचं पातं लावतात, आधी बर्फ कडेला लोटायचा, मग मीठ. डोंगरातल्या खिंडी तर बंदच करतात. शेफील्डहून मँचेस्टरकडे जाणारा स्नेक पास किंवा बक्स्टन-मॅकल्सफील्डमधला कॅट अँड फिडलचा रस्ता, दोन्ही पाचशे मीटरहून उंच. थंडीत ते बंद झाल्याच्या बातम्या ठरलेल्या.

आणि आडगावं? तिथे शेतकरी कामाला येतात. कौन्सिल हंगामाआधीच त्यांच्याशी करार करते, अनेकदा नांगराचं पातंही देते. बर्फ पडला की शेतकरी आपल्या ट्रॅक्टरने ठरलेले रस्ते मोकळे करतो. आमच्याकडे येतो तो मेंढपाळ आहे. कुठल्या वळणावर वारा बर्फाचा ढीग घालतो हे त्याला नकाशाशिवाय माहीत. काम झाल्यावर चहा घ्यायला थांबत नाही, कारण मेंढ्या अजून बर्फातच असतात.

एकदा मीठच संपलं होतं

२००९-१० चा हिवाळा ब्रिटनमध्ये तीस वर्षांतला सर्वांत कडक ठरला. आठवडेच्या आठवडे रोज फेऱ्या, खाणी रात्रंदिवस चालवूनही मीठ पुरेना. शेवटी कुणाला किती मीठ द्यायचं हे सरकारलाच ठरवावं लागलं आणि कौन्सिलांना वापर कमी करायला सांगितलं गेलं. पुढे डेव्हिड क्वार्म्बी यांच्या समितीने सुचवलं की हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाकडे किमान १२ दिवसांचं, म्हणजे ४८ फेऱ्यांचं मीठ हवं. आणि अंदाज चांगला असेल तर कमी मीठ टाकूनही भागतं. हा अहवाल हातात पडतो न पडतो तोच डिसेंबर २०१० आला, शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर. तेव्हापासून गोदामांत मिठाचे डोंगर दिसतात, ते उन्हाळ्यातच भरलेले असतात. आपल्याकडे पावसाळ्याआधी अगोठ भरायचे, तसंच.

न टाकलं तर कौन्सिलवर खटला?

१९९१ मध्ये पूर्व ससेक्समध्ये एक वाहनचालक पहाटे ब्लॅक आइसवरून घसरला आणि जवळजवळ पूर्ण लुळा झाला. खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००० साली निकाल आला तो कौन्सिलच्या बाजूने. रस्ता 'सुस्थितीत ठेवणं' म्हणजे खड्डे बुजवणं, डागडुजी करणं. त्यावरचा बर्फ काढणं त्यात येत नाही, असा कायद्याचा अर्थ लागला. ऐकून धक्का बसला असेल तर तो तेव्हा अनेकांना बसला होता. २००३ मध्ये कायद्यात नवं कलम घातलं गेलं: बर्फामुळे रस्त्यावरची ये-जा धोक्यात येऊ नये, हे 'वाजवीपणे शक्य असेल तितकं' पाहणं कौन्सिलचं कर्तव्य.

सगळी मेख त्या 'वाजवीपणे शक्य'मध्ये आहे. प्रत्येक गल्ली, प्रत्येक रात्री मोकळी ठेवा असं कायदा म्हणत नाही. तुमच्याकडे विचारपूर्वक केलेली योजना होती का आणि ती पाळली का, हे बघितलं जातं. त्यामुळे अंदाज किती वाजता आला, निर्णय काय घेतला, ट्रक कुठून कधी गेला, याच्या नोंदी ठेवल्या जातात. ट्रकची जागा आणि मीठ सोडण्याचं प्रमाण जीपीएसवर नोंदलं जातं.

गंजणाऱ्या गाड्या आणि समुद्राचं फूल

मिठाचे तोटे आहेत, लपवण्यासारखं काही नाही. गाड्यांचे तळ गंजतात, पुलांच्या काँक्रीटमधलं लोखंड खराब होतं, वितळलेलं खारं पाणी ओढ्यांत जातं. मेंढ्या रस्ता चाटायला येतात, तो आणखी एक अपघाताचा धोका. एक गंमतही झालीय. डॅनिश स्कर्वीग्रास नावाची पांढुरक्या फुलांची बुटकी वनस्पती मूळची समुद्रकाठची. आता ती वसंतात देशाच्या पार मध्यभागी, महामार्गांच्या कडेने पट्टेच्या पट्टे फुलते. मिठाने तिला किनारा आत आणून दिला.

म्हणून १० ग्रॅमने भागत असताना २० टाकणं हे नुसतं खर्चाचं नाही, नुकसानीचंही असतं. आणि नाही म्हटलं तरी या रुक्ष खात्यालाही विनोद सुचतो: २०१७ मध्ये डोंकास्टरच्या कौन्सिलने लोकांना ग्रिटरची नावं सुचवायला सांगितलं, तर एका ट्रकचं नाव पडलं 'डेव्हिड प्लाउई', म्हणजे गायक डेव्हिड बोवीच्या नावात 'प्लाउ', नांगर, घुसवलेला. आमच्या ट्रकला आईने 'मीठभाकर' नाव ठेवलंय.

कोपऱ्यावरची पिवळी पेटी

गावात चढाच्या तोंडाशी झाकणाची एक पिवळी पेटी असते, तिला ग्रिट बिन म्हणतात. ज्या चढावर ट्रक येत नाही तिथे लोकांनी स्वतः फावड्याने मीठ टाकावं म्हणून ती ठेवलेली. ते मीठ सार्वजनिक रस्त्यासाठी आणि पायवाटेसाठी; आपल्या अंगणात न्यायचं नाही. 'मी घरासमोरची पायवाट साफ केली आणि तरी कुणी पडलं तर माझ्यावर केस होईल' ही भीती इथे सगळीकडे ऐकू येते. सरकारी सूचनाच सांगतात की काळजीपूर्वक साफ केलं असेल तर असं होण्याची शक्यता फार कमी. फक्त उकळतं पाणी ओतू नका. बर्फ वितळतो खरा, पण तेच पाणी पुढे पसरून काचेसारखं गोठतं. गाडीच्या काचेवर तर अजिबात नको, काच तडकते.

"मग आपल्या पायऱ्यांना काय करायचं?" आईने विचारलं. मी म्हटलं, घरातलं साधं मीठ चालतं, चौरस मीटरला एक मोठा चमचा पुरे. तिने बरणी उचलली, चमचा भरला, पायरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढं तर मी आमटीला घालते."